पाळी बदलताना न वाजलेली बेल

कोविडचे निर्बंध उठले त्या वर्षी, रमजान सुरू होण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी, कुवेतमधील जाब्रिया भागातल्या एका खासगी रुग्णालयात दाऊदभाई नावाच्या रुग्णाने कॉटजवळचं बेलचं बटण दाबलं. वेळ पाळी बदलण्याची होती. परिचारिकांच्या टेबलावरच्या पडद्यावर काही उमटलं नाही, बझर वाजला नाही, खोलीच्या दारावरचा दिवा लागला नाही. दाऊदभाईंनी पुन्हा बटण दाबलं. कोणी आलं नाही. ते स्वतः उठले आणि बाथरूमच्या दारात पडले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया आदल्या दिवशी झाली होती. टाके सुटले नाहीत. उजवं मनगट मोडलं. दाऊदभाई मूळचे दापोलीकडचे. फहाहीलच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.

त्या वेळी मजला सिस्टर सुषमा यांच्या ताब्यात होता. दाऊदभाईंच्या मुलाने तक्रार केली आणि रुग्णालयाने सुषमाताईंना ड्यूटीवरून थांबवलं. बझर गप्प करण्याची एक कळ टेबलावर असते. ती दाबून ठेवली, असा त्यांच्यावर आरोप होता. बेल कधी वाजली, याची नोंद ठेवण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती.

यंत्रणा आमच्या कंपनीची होती. तिचा प्रोग्राम लिहिणारा माझ्या आधीच नोकरी सोडून कॅनडाला गेला होता. देखभाल माझ्याकडे होती.

कंपनीचं वर्कशॉप अर्दियाच्या गोदामांच्या भागात होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला लाकूडकाम. आत झाळकामाचा वास आणि इस्तिकान्यातला, म्हणजे इकडच्या छोट्या काचेच्या पेल्यातला, काळा गोड चहा. तिथून टूलबॅग घेऊन निघायचं आणि दवाखाने, बँका, शाळा करत संध्याकाळी परतायचं. या कामाला आता बाहेर पडावं लागत नाही. टेबलाशी बसून दूरचा पडदा उघडता येतो. माझी बरीचशी नोकरी मात्र लोकांच्या मध्ये उभं राहून झाली.

हे काम काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की प्रोग्राम म्हणजे वरून खाली पाळत जायच्या आज्ञा. काही प्रोग्राम तसे असतात. ज्याचा संबंध बेल, पडदा, माउस यांच्याशी येतो तो प्रोग्राम मात्र बहुतेक वेळ काहीच करत नाही, वाट पाहतो. वाट पाहण्याचा हा भाग आम्ही सहसा स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेला कोडचा संच वापरतो. त्याला लायब्ररी म्हणतात. अशा लायब्ररीच्या मध्यभागी एक फेरा सतत फिरत असतो, तो इव्हेंट लूप. बाहेर काही घडलं, म्हणजे बटण दाबलं, माउस हलला, ठरलेली वेळ झाली, की त्याची एक चिठ्ठी रांगेत येऊन पडते. लूप पहिली चिठ्ठी उचलतो, ती कशाची आहे ते पाहतो आणि त्या कामासाठी आम्ही लिहिलेल्या तुकड्याच्या हाती देतो. हा तुकडा म्हणजे हँडलर. हँडलरने आपलं काम उरकून परत यायचं. तो परतला की लूप पुढची चिठ्ठी उचलतो. रांग रिकामी असेल तर लूप झोपतो आणि चिठ्ठी पडल्यावर जागा होतो. प्रोग्राम बंद करेपर्यंत हेच चालतं.

लूप एकटा असतो. एका वेळी एकच चिठ्ठी. त्यामुळे हँडलरने रेंगाळायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. तो रेंगाळला तर मागची सगळी रांग खोळंबते. चिठ्ठ्या हरवत नाहीत. फक्त त्या कोणी उचलत नाही.

याचा साधा नमुना एका दवाखान्यात पाहिला होता. तिथला टोकन दाखवणारा पडदा मधूनच थिजायचा. तिथल्या वयस्क इजिप्शियन कारकुनांचं निदान ठरलेलं होतं. "तोझ, तोझ!" म्हणजे धूळ. कुवेतमध्ये धुळीचं वादळ कधीही येतं, त्यामुळे हे निदान बऱ्याचदा खरं ठरे. त्यांनी घरून टेबलक्लॉथ आणून संगणकावर घातला होता. प्रत्यक्षात टोकन छापणारा हँडलर 'छापलं' असं प्रिंटरकडून उत्तर येईपर्यंत जागेवर उभा राहत होता. प्रिंटरमधला कागद संपला की उत्तर येत नसे आणि अख्खा हॉल थांबे. मी रोल बदलला, मग हँडलर बदलला. टेबलक्लॉथ त्यांनी काढू दिला नाही.

जाब्रियाच्या रुग्णालयात मात्र सगळं सुरळीत दिसत होतं. शुक्रवारी पडद्यावरचं घड्याळ चालू होतं, असं सगळे सांगत होते. पडदा थिजला असता तर घड्याळही थांबलं असतं. म्हणून संशय माणसावर गेला.

रुग्णालयाच्या मुदीरांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, सगळ्यांना समोर उभं करून शुक्रवारचा प्रसंग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. आमच्या कंपनीचे व्यवस्थापक इब्राहिमसाहेब हैदराबादचे. गाडीत त्यांनी मला सूचना दिली.

"मियाँ, बेल बजाके दिखाना, सलाम करना, वापस आना. ज्यादा बाताँ नक्को."

मजल्यावर सुषमाताई साध्या कपड्यांत उभ्या होत्या. त्या उदगीरच्या. जाब्रियातच त्यांची बरीच वर्षं गेली होती. शुक्रवारी ज्यांच्याकडून त्यांनी पाळी घेतली त्या सिस्टर लिसी केरळच्या, वयाने मोठ्या. लिसीने पडद्यावर 'हँडओव्हर' दाबलं. 'हँडओव्हर कम्प्लीट?' असं विचारणारी छोटी चौकट उघडली, खाली 'यस' आणि 'नो'. रुग्णालयाच्या नियमानुसार जाणारी परिचारिका 'यस' दाबते. लिसीने दाबलं. दोघी फेरीला निघाल्या. टोकाच्या खोलीतून वॉर्डबॉयने बेल दाबली. बझर वाजला, दिवा लागला, पडद्यावर खोली लाल झाली.

मुदीरांनी सुषमाताईंकडे पाहिलं. "खलास," ते म्हणाले. आठवडा संपण्याआधी निर्णय कळवू, असं सांगून ते गेले.

निर्णय विरुद्ध गेला तर काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नोकरी गेली की इकामा जातो. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, सुषमाताईंचा होता आणि मुलीचा त्यांच्या इकाम्यावर होता. मुलगी दहावीत होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

इब्राहिमसाहेब समाधानाने खाली गेले. मी वायरिंग तपासायला मागे राहिलो. काम झाल्यावर पँट्रीत चहा घ्यायला गेलो, तर सुषमाताई आपला लॉकर रिकामा करून तिथे बसल्या होत्या. लिसीने डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला होता. त्या खात नव्हत्या.

"काय सर, तुमची मशीन खरी आणि मी खोटी. असंच ना?"

"मशीन खोटी आहे असं अजून दिसलं नाही."

"मग मी बझर बंद करताना कुणाला दिसले का?"

"नाही."

"मग ते पण लिहा की तुमच्या रिपोर्टात. एकच बाजू कशाला लिहिता?"

सुरुवातीची काही वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होतो. हेच वाक्य तिथे वरिष्ठांकडून ऐकलेलं होतं. मी लिहीन म्हणालो.

"पोरीला सांगितलंय, सुट्टी घेतली म्हणून," त्या म्हणाल्या. "तर म्हणती कशी, मम्मा, यू नेव्हर टेक लीव्ह. आता तिला काय सांगू?"

लिसीने विषय बदलायचा प्रयत्न केला. "आज कितना शांती था. रोज तो हँडओवर के बाद सब घंटी एक साथ बजता. टिंग टिंग टिंग."

"ते तर हायच," सुषमाताई म्हणाल्या. "हँडओव्हर झालं की सगळे एकदमच बेल मारूलालेत. शहाणे आहेत हो पेशंट. आमची फेरी होईस्तोवर गप पडून राहतात. आमच्या घरच्या लोकांना एवढी समज नाही."

"फेरी चालू असताना एकही बेल नाही?" मी विचारलं.

"नाही."

"फेरी चालू आहे हे त्यांना कसं कळतं?"

"आम्ही दिसतो की."

"टोकाच्या खोलीतून?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग लिसीकडे.

"आणि आज तसं का झालं नाही?" मी म्हणालो. "आज फेरी चालू असतानाच बेल वाजली."

 मग लिसीने विचारलं, "सर, यस कौन दबाता है, उससे कुछ होता क्या?"

"आज आपने दबाया."

"मुदीर सामने था ना. रूल में जानेवाला दबाता."

"और रोज?"

"रोज आनेवाला. पूरा वॉर्ड देखके."

ही त्या मजल्याची रीत होती. कुठल्याही नियमात नव्हती. जाणाऱ्या सिस्टरने आधी 'यस' दाबलं की तिची जबाबदारी संपते, मग ती पर्स हातात घेऊन घाईत सांगते आणि एखादी गोष्ट राहून जाते, असं लिसीचं म्हणणं होतं. म्हणून तिने जुन्या सिस्टर्सना सवय लावली होती. जाणारीने चौकट उघडी ठेवायची. दोघींनी प्रत्येक कॉटपाशी जायचं. येणारीची खात्री झाली की तिने स्वतः येऊन 'यस' दाबायचं. तोवर जाणारीची सुटका नाही. मजल्यावरच्या सगळ्या सिस्टर्स हे पाळत होत्या. मुदीरांसमोर मात्र नियम मोडलेला दिसू नये म्हणून त्यांनी नेमकी ही रीत लपवली होती.

मी टेबलाशी गेलो, प्रोग्राम उघडला आणि ती चौकट कशी लिहिली आहे ते पाहिलं.

अशी चौकट लायब्ररीत तयार मिळते आणि ती दोन तऱ्हांनी दाखवता येते. एका तऱ्हेत हँडलर चौकट दाखवतो आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभा राहतो. लिहायला हे सोपं, कारण पुढच्याच ओळीत उत्तर हातात असतं. आमच्या प्रोग्राममध्ये हीच तऱ्हा होती. मोठा लूप अशा वेळी हँडलर परतण्याची वाट पाहत थांबलेला असतो. पडदा मेल्यासारखा दिसू नये म्हणून चौकट स्वतःचा एक छोटा लूप फिरवते. तो माउस पाहतो, कळा पाहतो, घड्याळ पुढे सरकवतो. आमच्या यंत्रणेत बेलांची रांग वेगळी होती आणि तिच्याकडे फक्त मोठा लूप पाहत असे. चौकट उघडी असेतोवर त्या रांगेत चिठ्ठ्या साठत जायच्या. 'यस' दाबलं की हँडलर परतायचा, मोठा लूप सुरू व्हायचा आणि साठलेल्या सगळ्या बेला ओळीने वाजायच्या. बझर आणि दारावरचा दिवा यांनाही हुकूम याच प्रोग्रामकडून जात होता.

फेरी एरवी लवकर उरकत असे. त्यामुळे इतकी वर्षं हा खोळंबा कोणाला जाणवला नव्हता. सिस्टर्सनी त्याचं श्रेय रुग्णांच्या समजूतदारपणाला दिलं होतं.

मी पँट्रीत परत आलो.

"शुक्रवारी काय झालं?"

"फेरी अर्ध्यात होती," सुषमाताई म्हणाल्या. "एका बाईंना उलट्या सुरू झाल्या. मी तिथं थांबले. लिसीची बस सुटत होती, तिला म्हटलं तू जा, यस मी नंतर दाबते. तेवढ्यात पडल्याचा आवाज आला."

"यस केव्हा दाबलं?"

"दाऊदभाईंना एक्स-रेला पाठवल्यावर. मग वाजल्या की सगळ्या. त्यांची पण वाजली. मी रागानं म्हटलं, आता काय वाजताय."

"हे मुदीरांना का सांगितलं नाही?"

"सांगितलं तर लिसी कशी येते मधी बगा की. फेरी टाकून गेली म्हणतील. तिचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे."

लिसीने आपला कप धुतला आणि पालथा घातला.

"सुषमा, तू चुप बैठ. बॉक्स खुला रखने का आदत मैंने डाला," ती म्हणाली, आणि मुदीरांच्या ऑफिसकडे गेली.

मी इब्राहिमसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मतलब गलती हमारी मशीन की."

"जी."

"मियाँ, अखबारवाले को रखनाच नक्को था," ते म्हणाले. मग म्हणाले, "रुको, मैं आतूँ."

दुसऱ्यांदा प्रसंग करायचा ठरला तेव्हा दाऊदभाईंनी बेल आपणच दाबणार असा हट्ट धरला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, डाव्या हातात बटण होतं. शुक्रवारपासून ते एकच वाक्य सांगत होते, "बटन दाबला, कोन नाय आला." त्यांच्या मुलाचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता, असं पुढे मुलानेच सांगितलं.

लिसीने 'हँडओव्हर' दाबलं. चौकट उघडली. तिने ती तशीच ठेवली. खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने हाताने खूण केली, म्हणजे आत बेल दाबली गेली होती. टेबलापाशी काही झालं नाही. घड्याळ चालू होतं.

"मर्रा थानिया," मुदीर म्हणाले. पुन्हा एकदा.

मुलाने पुन्हा खूण केली. काही झालं नाही. मुदीर स्वतः खोलीपर्यंत गेले, दाऊदभाईंच्या हातातलं बटण घेऊन त्यांनी ते दाबलं, दारावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि परत आले. इब्राहिमसाहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"नाऊ यस," मुदीर सुषमाताईंना म्हणाले.

सुषमाताईंनी 'यस' दाबलं. बझर वाजू लागला. दाऊदभाईंच्या बेला वाजल्या, मग मुदीरांची वाजली. ज्या क्रमाने दाबल्या त्याच क्रमाने. टोकाच्या खोलीतून दाऊदभाईंचा आवाज आला.

"शुक्रवारची पन आली काय रे?"

मुलगा हसला. मुदीरांना मराठी येत नव्हतं. ते काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. सुषमाताईंनी इंग्रजीत सांगितलं. ते हसले नाहीत.

सुषमाताईंना ड्यूटीवर परत घेतलं. लिसीला फेरी अर्धी सोडल्याबद्दल लेखी समज मिळाली. तिचं रिन्यूअल झालं. आमच्या कंपनीने चूक मान्य केल्याचं पत्र दिलं, त्याचा मसुदा मी केला. इब्राहिमसाहेबांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

चौकट मी दुसऱ्या तऱ्हेने लिहिली. आता हँडलर ती दाखवतो आणि लगेच परततो. मोठा लूप फिरत राहतो, बेला वाजत राहतात. 'यस' दाबलं की तीही एक साधी चिठ्ठी म्हणून रांगेत येते आणि तिच्यासाठी वेगळा हँडलर आहे. बदल लहान होता. मुदीरांनी आणखी एक बदल सुचवला. तो नियमातला होता. 'यस' येणाऱ्या परिचारिकेने, पूर्ण फेरीनंतर दाबावं. लिसीची रीत नियम झाली.

दाऊदभाईंचं मनगट जुळलं, पण पहिल्यासारखं नाही. दुकानात माप अजून दाऊदभाईच घेतात. कात्री मुलगा चालवतो. मी फहाहीलला गेलो की दाऊदभाई मला बसवून घेतात आणि गिऱ्हाइकांना माझी ओळख 'बेलवाला' अशी करून देतात.

अर्दियातली ती जागा आता टायरवाल्याने घेतली आहे. इब्राहिमसाहेब हैदराबादला परतले. लिसी निवृत्त होऊन कोट्टयमला गेली. तिथून ती सणाला फोन करते आणि दर वेळी विचारते, "घंटी ठीक बजता?" सुषमाताईंची मुलगी बोर्डाची परीक्षा इथूनच देऊन पुढे पुण्याला शिकायला गेली. पँट्रीत आता कॉफीचं मशीन आहे. डबे उघडण्याचं टेबल काढून टाकलं आहे.

यंदा मी कुवेत सोडतो आहे. जाण्याआधी माझ्याकडच्या सगळ्या यंत्रणा नव्या माणसाला दाखवून द्यायच्या होत्या. जाब्रियाच्या रुग्णालयात आम्ही गेलो ती वेळ पाळी बदलण्याची होती. टेबलावरचा संगणक नवा होता, पडदा मोठा होता, प्रोग्राम तोच होता. सुषमाताई आता त्या मजल्याच्या प्रमुख आहेत. नव्या सिस्टरला घेऊन त्या फेरीला निघाल्या होत्या. पडद्यावर चौकट उघडी होती.

"काय सर, चाललात म्हणे," त्या म्हणाल्या. "तिकडं गेल्यावर काय करणार आता?"

मी काही बोलण्याआधी बझर वाजला. टोकाची खोली लाल झाली. त्या बोलणं तिथेच सोडून गेल्या.

रुग्णाला पाणी हवं होतं.